गुंगीचा इतिहास : प्रोमेथाझिन या औषधाच्या निमित्ताने

प्रस्तावना

घाटातून एस.टी.ने प्रवास करावयाचा असेल आणि 'गाडी लागण्याची' सवय असेल, तर निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एक छोटी गोळी घेण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्या गोळीने मळमळ थांबते आणि बहुतेक प्रवासही झोपेत पार पडतो. ॲव्होमिन या नावाने मिळणाऱ्या या गोळीत प्रोमेथाझिन हे द्रव्य असते. हेच द्रव्य अंगावर पित्त उठले असता दिले जाते, शस्त्रक्रियेपूर्वी टोचले जाते, प्रसूतिकक्षात वेदनाशामकाच्या जोडीला दिले जाते आणि अनावर झालेल्या मनोरुग्णाला शांत करण्यासाठीही वापरले जाते. औषध एकच, पण त्याच्याकडून अपेक्षा मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी.

औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रोमेथाझिनची नोंद 'गुंगी आणणारे, पहिल्या पिढीतील हिस्टामिनरोधक' अशी असते आणि 'गुंगी' हा शब्द दुष्परिणामांच्या यादीत अग्रभागी असतो. एखाद्या द्रव्याचा कोणता परिणाम 'मुख्य' आणि कोणता 'दुष्परिणाम' हे रसायनाने ठरवलेले असते, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची इतिहासाच्या अंगाने तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रोमेथाझिनच्या पाऊणशे वर्षांच्या वाटचालीत गुंगी हा त्याचा दोषही ठरला आणि गुणही ठरला. हा निवाडा प्रत्येक वेळी औषध देणाऱ्याने केला; घेणाऱ्याला त्यात क्वचितच विचारले गेले.

रंगाच्या कारखान्यातून

प्रोमेथाझिनचे कूळ औषधालयातले नाही, रंगकामातले आहे. १८७६ मध्ये हाइनरिख कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने मेथिलिन ब्लू हे निळे रंगद्रव्य तयार केले. त्याची रचना उलगडण्याच्या प्रयत्नात असताना १८८३ मध्ये ऑगस्ट बेर्नथसेन याला त्या रंगाच्या गाभ्याशी असलेला सांगाडा हाती लागला. दोन बेंझिन कडी आणि त्यांना जोडणारे गंधक व नायट्रोजन असा हा सांगाडा म्हणजेच फिनोथायाझिन होय. पुढील अर्धशतक वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही. मेथिलिन ब्लूची मात्र घेतली. १८९१ मध्ये पॉल एर्लिख आणि पॉल गुटमान यांनी ते हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मूळ फिनोथायाझिन कीटकनाशक म्हणून आणि नंतर गुराढोरांच्या पोटातील जंतांवर वापरात आले. मेंढ्यांच्या जंतांवरील औषधाचे भाईबंद पुढे मनोरुग्णालयांचा इतिहास बदलणार आहेत, अशी शंकाही त्या काळी कोणास येणे शक्य नव्हते.

दुसरा धागा हिस्टामिनचा आहे. १९१० मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडमध्ये या द्रव्याचे शरीरावरील परिणाम सविस्तर नोंदवले : रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात. १९२७ मध्ये डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिन निरोगी ऊतींतही असते हे दाखवून दिले. अ‍ॅलर्जीतील खाज, सूज आणि धाप यांमागे शरीरातलेच द्रव्य असेल, तर त्याला अडवणारे द्रव्यही शोधता यावे, हा विचार त्यानंतर स्वाभाविकच होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये पहिले हिस्टामिनरोधक द्रव्य दाखवले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, कारण त्याची विषारकता फार होती. परंतु वाट सापडली होती. रोन-पुलांक या फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४२ मध्ये बर्नार्ड हालपर्न यांनी अँटरगन हे माणसाला देता येईल असे पहिले औषध तपासून पुढे आणले. त्या वेळी फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. १९४४ मध्ये मेपिरामिन आले. तिकडे अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल यांनी डायफेनहायड्रामिन तयार केले, जे बेनाड्रिल या नावाने १९४६ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले.

रोन-पुलांकमधील रसायनतज्ज्ञ पॉल शार्पांतिए यांनी याच सुमारास हिस्टामिनरोधकांची बाजूची साखळी फिनोथायाझिनच्या सांगाड्यावर बसवून पाहिली. त्यातून ३२७७ आर.पी. या क्रमांकाचे संयुग मिळाले. तेच प्रोमेथाझिन, व्यापारी नाव फेनरगन. हालपर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली तेव्हा ते आधीच्या हिस्टामिनरोधकांहून अधिक प्रभावी आणि दीर्घकाळ टिकणारे ठरले. मात्र त्याने झोपही अधिक येत असे. अ‍ॅलर्जीवर उपचार करणाऱ्यांच्या दृष्टीने हा त्रास होता. अंगावरचे पित्त बसावे, पण माणूस कामावर जागा राहावा, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती रास्तच होती.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. याच गुंगीकडे काही फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी निराळ्या नजरेने पाहण्यास आरंभ केला होता. दोमेझाँ आणि कासाँ यांनी १९४३ मध्येच अँटरगन उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिले होते, आणि पॉल गिरो यांनी १९५० मध्ये क्षुब्ध रुग्णांसाठी प्रोमेथाझिनचा उपयोग नोंदवला होता. या प्रयत्नांची वैद्यकविश्वात विशेष चर्चा झाली नाही. ज्याने चर्चा घडवली तो मनोविकारतज्ज्ञ नव्हताच.

बिझर्त येथील शल्यचिकित्सक

ऑंरी लाबोरी हे फ्रेंच नौदलातील शल्यचिकित्सक होते. युद्धोत्तर काळात त्यांची नेमणूक ट्युनिशियातील बिझर्तजवळच्या सिदी अब्दल्ला येथील नौदल रुग्णालयात होती. शस्त्रक्रिया उत्तम पार पडूनही काही रुग्ण नंतर 'शॉक'ने दगावत, या प्रश्नाने त्यांना ग्रासले होते. त्यांचे मत असे की, इजेपेक्षा इजेला शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसादच अधिक घातक ठरतो. तेव्हा तो प्रतिसादच मंदावला पाहिजे. हिस्टामिन हे त्या प्रतिसादातील एक द्रव्य. म्हणून १९४९ च्या सुमारास त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी प्रोमेथाझिन व इतर औषधांचे मिश्रण देण्यास सुरुवात केली.

हिस्टामिन अडवल्याने शॉक टळतो हा त्यांचा मूळ तर्क पुढे टिकला नाही. परंतु लाबोरींनी रुग्णांकडे लक्षपूर्वक पाहिले, आणि माझ्या मते त्यांचे खरे श्रेय या पाहण्यात आहे. हे रुग्ण बेशुद्ध नव्हते. ते प्रश्नांना उत्तरे देत होते, पण शस्त्रक्रियेची भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हती. वेदनेविषयी ते जणू उदासीन झाले होते आणि त्यांना नेहमीपेक्षा कमी मॉर्फिन लागत होते. ही केवळ झोप नव्हे, काहीतरी वेगळे आहे, असे लाबोरींना जाणवले आणि त्यांनी सैन्यातील एका मनोविकारतज्ज्ञाला ते प्रत्यक्ष पाहावयास बोलावले. ज्याला अ‍ॅलर्जीतज्ज्ञ दोष म्हणत होते, त्याच्यात शल्यचिकित्सकाला औषध दिसले.

१९५१ च्या आरंभी लाबोरी पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात आले. रोन-पुलांककडे त्यांची मागणी आता उलटी होती : हिस्टामिनरोध कमी असला तरी चालेल, मेंदूवरील परिणाम वाढवा. कंपनीत या दिशेने काम १९५० च्या उत्तरार्धातच सुरू झाले होते. शार्पांतिए यांनी बाजूच्या साखळीची ठेवण बदलली, दोन नायट्रोजन अणूंमधील अंतर दोन कार्बनऐवजी तीन कार्बनचे केले आणि कड्यावर क्लोरिनचा एक अणू बसवला. डिसेंबर १९५० मध्ये तयार झालेले हे संयुग म्हणजे ४५६० आर.पी., अर्थात क्लोरप्रोमाझिन. सिमोन कुर्व्हाझिए यांनी त्याची उंदरांवर परीक्षा घेतली. घंटा वाजताच विजेचा धक्का चुकवण्यासाठी दोरीवर चढायला शिकवलेले उंदीर हे औषध दिल्यावर घंटा ऐकूनही चढेनात. त्यांची ताकद मात्र शाबूत होती.

पुढील इतिहास मनोविकारशास्त्राच्या प्रत्येक ग्रंथात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९ जानेवारी १९५२ रोजी व्हाल-द-ग्रासमध्ये उन्मादाच्या एका तरुण रुग्णाला क्लोरप्रोमाझिन देण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते अन्य औषधांच्या भेसळीविना, एकटे आणि पद्धतशीरपणे वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९५७ चे नोबेल पारितोषिक बोव्हे यांना मिळाले, आणि त्याच वर्षी क्लोरप्रोमाझिनच्या कार्यासाठी लाबोरी, देनिकेर आणि कॅनडातील हाइन्झ लेमान यांना लास्कर पुरस्कार देण्यात आला. (अवांतर म्हणून सांगावयाचे तर, याच वर्षांत मनोरुग्णांसाठी वापरात आलेले दुसरे औषध, रेसरपिन, हे आपल्या सर्पगंधेपासून काढलेले होते, आणि सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणून देणारा १९४९ चा लेख मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा होता.)

वैद्यकेतिहासाच्या ग्रंथांत प्रोमेथाझिनचा उल्लेख सहसा येथे संपतो. क्लोरप्रोमाझिनकडे नेणारी एक पायरी एवढेच त्याचे स्थान. पण ही पायरी जागच्या जागी राहिली आणि पुढेही वापरात राहिली. माझ्या मते पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे.

झोप का येते

हिस्टामिन अडवले तर झोप का यावी, याचे उत्तर औषध बाजारात आल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात पसरलेल्या निद्रारोगाच्या साथीत मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासून व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी असे मांडले होते की, हायपोथॅलॅमसच्या मागील भागाला इजा झाली की माणूस झोपेत बुडतो. म्हणजे जागेपणाचे केंद्र तेथे असावे. १९८४ च्या सुमारास मेंदूतील हिस्टामिन निर्माण करणाऱ्या पेशी नेमक्या याच भागात सापडल्या. तेथून निघणारे तंतू जवळपास सगळ्या मेंदूभर जातात आणि जागेपणी त्या पेशी सक्रिय असतात. त्वचेवर जे हिस्टामिन खाज उठवते, तेच मेंदूत माणसाला जागे ठेवते. आणि दोन्हीकडे ते ज्या ग्राहीवर बसते तो एकच, एच-१.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. प्रोमेथाझिनची गुंगी हा त्याच्या मुख्य कार्याला चिकटलेला निराळा दोष नाही. ते एकच कार्य आहे, दोन ठिकाणी घडणारे. फरक आहे तो औषध मेंदूत शिरते की नाही याचा. प्रोमेथाझिन मेदात सहज विरघळते, म्हणून रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ते ओलांडते. सेटिरिझिन, लोरॅटॅडिन, फेक्सोफेनाडिन ही पुढच्या पिढीतील औषधे मेंदूत फार कमी प्रमाणात शिरतात. म्हणून त्यांनी गुंगी कमी येते.

शिवाय प्रोमेथाझिनचा स्पर्श एका ग्राहीपुरता मर्यादित नाही. ते असिटिलकोलिनचे मस्कारिनिक ग्राही अडवते. त्यामुळे तोंड कोरडे पडते, वृद्धांना लघवी अडते, कधी भ्रम होतो. पण गाडी लागणे थांबते त्यातही याच गुणाचा वाटा आहे. डोपामिनचे ग्राही ते सौम्यपणे अडवते, म्हणून उलटी थांबते. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राही अडवल्याने उभे राहताना चक्कर येऊ शकते. तोंडावाटे घेतल्यावर साधारण वीस मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि कित्येक तास टिकतो. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळीही उतरत नाही, हा अनुभव अनेकांचा असेल.

गुंगी कोणाच्या सोयीची?

एम.फिल.च्या निमित्ताने मुंबईच्या गिरणी कामगारांविषयीचे जुने अहवाल वाचत असताना 'बाळागोळी' या शब्दाशी प्रस्तुत लेखकाची गाठ पडली. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची अगदी लहान गोळी देऊन निजवत असत. १९३१ च्या व्हिटले आयोगानेही या प्रथेची दखल घेऊन ती बंद व्हावी असे म्हटले होते. अहवाल लिहिणाऱ्यांनी बहुधा आयांच्या अज्ञानावर बोट ठेवले. पण ज्या बाईला मुलाला ठेवायला पाळणाघर नाही आणि पाळी चुकवली तर मजुरी नाही, तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न त्या कागदांत फारसा दिसत नाही.

प्रोमेथाझिन अफू नव्हे आणि दोहोंची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र मूल निजावे या गरजेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरबताच्या बाटलीतून उत्तर मिळाले, हे नाकारता येत नाही. सर्दी-खोकल्यासाठी आणलेले औषध रात्री मूल रडू नये म्हणून द्यायचे, हा प्रकार देशोदेशी घडला. १९७९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी अशा फिनोथायाझिनयुक्त सरबतांचा तान्ह्या मुलांच्या आकस्मिक मृत्यूशी संबंध असू शकेल, अशी शंका मांडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, त्याने श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक चौकटीतील इशारा बंधनकारक केला. मूल शांत झोपले आहे आणि मूल पुरेसा श्वास घेत नाही, या दोन अवस्था दिव्याच्या मंद उजेडात आईला सारख्याच दिसतात.

रुग्णालयांतही हे घडले. लाबोरींच्या मिश्रणाचा एक वंशज, पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन एकाच सिरिंजमध्ये, अमेरिकेत मुलांना टाके घालताना किंवा तपासणीच्या वेळी दशकानुदशके टोचला जात होता. गुंगी किती खोल जाईल आणि किती वेळ राहील याचा अंदाज बांधणे कठीण, म्हणून तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये या प्रथेचा फेरविचार मांडला. आपल्याकडे पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिन यांची जोडी 'फोर्टविन-फेनरगन' या नावाने शस्त्रक्रियागृहात व प्रसूतिकक्षात इतकी रुळली आहे की परिचारिका तो एकच शब्द असल्यासारखा उच्चारतात. या जोडीला वैद्यकीय कारण आहे. वेदनाशामकाने होणारी मळमळ प्रोमेथाझिन रोखते. पण कळा देणाऱ्या स्त्रीला अर्धवट ग्लानीत ठेवण्यात तिची सोय किती आणि गजबजलेल्या कक्षाची किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, यातही सोयीचाच प्रश्न दडलेला होता. शिरेतून दिले की परिणाम लवकर होतो. परंतु प्रोमेथाझिनचे द्रावण ऊतींना जाळणारे आहे. ते चुकून धमनीत गेले तर हात किंवा बोटे सडू शकतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात २००० मध्ये अर्धशिशीच्या मळमळीसाठी हे इंजेक्शन घेतलेल्या एका संगीतकार स्त्रीला आपला उजवा हात गमवावा लागला. 'वायेथ विरुद्ध लेव्हिन' या नावाने हा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००९ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला : लेबलाला सरकारी मान्यता होती म्हणून पुरेसा इशारा देण्याची कंपनीची जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी इंजेक्शनवर या धोक्याचा ठळक इशारा आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये शिरेऐवजी स्नायूत खोलवर टोचणेच श्रेयस्कर, असे लेबलात अधिक स्पष्ट करण्यात आले. योगायोग असा की, त्याच महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांनीही प्रोमेथाझिनच्या एका भावंडाविषयी, म्हणजे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांच्या सर्दीवरील मिश्रणाविषयी, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले.

वेल्लोरमधील चाचण्या

वरील विवेचनावरून हे औषध त्याज्य आहे असा समज होऊ नये, म्हणून अखेरीस एका भारतीय रुग्णालयाकडे वळतो. तातडीच्या विभागात अनावर, हिंसक अवस्थेत आणलेल्या मनोरुग्णाला काय द्यावे, या प्रश्नावर फार काळ नीट पुरावा नव्हता. हात-पाय बांधणे हा अनेक ठिकाणचा पहिला उपाय. ब्राझीलमधील रिओ द जानेरो आणि आपल्याकडील वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे या प्रश्नावर मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. त्यांत हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन यांच्या स्वस्त जोडीची इतर औषधांशी तुलना होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्लोरच्या पहिल्या चाचणीत ही जोडी लोराझेपामपेक्षा लवकर परिणाम करणारी ठरली. २००७ च्या दुसऱ्या चाचणीत ती ओलान्झापिन या नव्या व महागड्या इंजेक्शनपुढे उभी राहिली. दोहोंनी रुग्ण शांत झाले. पण ओलान्झापिन दिलेल्या रुग्णांना पुढील चार तासांत पुन्हा औषध देण्याची वेळ अधिक वेळा आली.

या चाचण्यांत रुग्ण किती मिनिटांत शांत झाला किंवा झोपला, हेच मोजण्याचे मुख्य माप होते. १९४६ मध्ये जी गुंगी प्रोमेथाझिनच्या खात्यात वजाबाकीला धरली होती, तीच येथे जमेच्या बाजूस आली. त्याहून लक्षणीय आहे ती २००७ मध्येच प्रसिद्ध झालेली रिओची दुसरी चाचणी. तीत काही रुग्णांना केवळ हॅलोपेरिडॉल आणि इतरांना त्यासोबत प्रोमेथाझिन देण्यात आले होते. एकटे हॅलोपेरिडॉल मिळालेल्यांपैकी काहींची मान आणि जबडा आखडण्याचे प्रकार घडू लागले. जोडीने औषध मिळालेल्यांत ते आढळले नाहीत, आणि मधल्या तपासणीनंतर ती चाचणी थांबवण्यात आली. या रुग्णांना वाचवले ते प्रोमेथाझिनच्या असिटिलकोलिन अडवण्याच्या गुणाने, म्हणजे त्याच गुणाने ज्यामुळे एस.टी.तल्या प्रवाशाचे तोंड कोरडे पडते.